सुट्टीत पाटी कोरी होते का?

शाळा उघडून तिसरा दिवस होता. तिसरीतून चौथीत आलेली एक मुलगी फळ्यापाशी उभी होती आणि फळ्यावर मी ५२ वजा २७ मांडलं होतं. एप्रिलमध्ये ही पोरगी हातच्याची वजाबाकी हसत-हसत करायची. जूनमध्ये तिनं उत्तर लिहिलं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा केलं आणि मोकळी झाली. दुपारी तिची आई भेटली. म्हणाली, "सर, दीड महिन्यात सगळं इसरली बघा. पाटी कोरी झाली."

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी ती मला मावशीच्या कांद्याच्या ढिगामागं बसलेली दिसली. माझे कांदे-बटाटे मिळून सत्तावीस रुपये झाले, मी पन्नासची नोट दिली. "सत्तावीस न् तीन तीस, न् वीस पन्नास," असं म्हणत तिनं तेवीस रुपये माझ्या हातावर ठेवले. तेही दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता-बोलता.

मग पाटी कोरी झाली म्हणायची की नाही?

हे कोडं माझ्या एकट्याचं नाही. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. बाजारातली पोरं तोंडी हिशेब झटक्यात करत, पण तसंच गणित वहीत मांडून दिलं की बहुतेकांची गाडी अडायची. आणि ज्यांनी कधी बाजारात काम केलं नव्हतं अशी शाळेतली मुलं वहीतलं गणित करत, पण बाजारातला हिशेब त्यांना जमेना. त्याआधी १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांवर असाच छोटा अभ्यास झाला होता. धंद्यातल्या हिशेबांत त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली आणि तेच आकडे कागदावर दिल्यावर जेमतेम ३७ टक्के.

म्हणजे डोक्यात गणिताची दोन घरं असतात आणि मधलं दार आपोआप उघडत नाही. उन्हाळ्यात बाजाराचं घर चालूच राहतं आणि शाळेच्या घराला कुलूप लागतं. "सगळं इसरली" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

विसरणं म्हणजे नेमकं काय?

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं जोडून याद्या करायच्या, त्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. एका दिवसानं त्याचे सुमारे एक तृतीयांश कष्ट वाचत होते, आणि एकतीस दिवसांनी साधारण एक पंचमांश. घसरण पहिल्या दिवसात सगळ्यात मोठी, नंतर हळू. महिन्याभरानंतरही ती शून्यावर येत नव्हती. आणि ही तर अर्थहीन अक्षरं होती. ज्यात अर्थ असतो ते त्याहून कितीतरी जास्त टिकतं.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हापशासारखं आहे. महिनाभर कुणी हात न लावलेला हापसा पहिल्या दहा-वीस दांड्यांना नुसता खडखडतो. म्हणून कुणी बोअर आटला असं म्हणत नाही. हापसत राहिलं की पाणी येतं, कारण ते खाली होतंच. जूनमधले पहिले पंधरा दिवस म्हणजे हा खडखडाट. त्या पंधरा दिवसांत पोरावर ओरडणं म्हणजे हापशाला लाथ मारण्यासारखं.

पण सगळंच सारखं विसरत नाही. ज्यात पायऱ्या आहेत ते आधी जातं. हातच्याची वजाबाकी, दोन अंकी गुणाकार, भागाकार. कारण पायरीला घरच्या व्यवहारात काही काम नसतं. बाजारात कुणी दशक मोडत नाही, लोक पुढं मोजत जातात. शुद्धलेखनाचंही तसंच. ऱ्हस्व-दीर्घ पाळून लिहायची वेळ मे महिन्यात कुठल्या लेकरावर येते? अमेरिकेत १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी उन्हाळी सुट्टीवरचे ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही आकडेमोड आणि स्पेलिंग यांतच जास्त घट दिसली. गोष्ट समजणं, प्रश्न उलगडणं यांत कमी.

मराठीत आणखी एक खास अडचण आहे. आपण संख्या उलट्या बोलतो. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो, चाळीस नंतर. लिहिताना चार आधी. त्यामुळं दुसरी-तिसरीतली पोरं त्रेचाळीस ऐकून ३४ लिहितात. एकोणसाठ ऐकलं की कानात 'साठ' घुमतं आणि वहीत ६९ येतं. बरं, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद असं एका रांगेत शिकवावं तर शंभराच्या आधी अचानक नव्व्याण्णव उभा! २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' अशीही पद्धत दिली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. वाद बाजूला ठेवा; ज्या अडचणीवर तो उपाय होता ती खरी आहे. संख्यावाचन हे सरावानंच टिकणारं कौशल्य आहे आणि सुट्टीत ते पहिल्या फळीत ढासळतं. हा माझ्या वर्गातला अनुभव आहे, संशोधन नव्हे. जोडाक्षरांचंही तेच. 'सूर्य', 'प्रकाश', 'कृष्ण' एप्रिलमध्ये सलग वाचणारा मुलगा जूनमध्ये रफार आला की थबकतो.

अमेरिकेतला नळ

या विषयावरचं बरंच संशोधन अमेरिकेतलं आहे, म्हणून ते आपल्याकडं आणताना जरा जपून. तिथली सुट्टी दहा-बारा आठवड्यांची, आपली मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, सहा-साडेसहा आठवडे. कूपर यांनी काढलेला 'साधारण एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घट' हा आकडा त्या लांब सुट्टीचा आहे. तो जसाच्या तसा परभणीला लावता येणार नाही.

त्यांची एक उपमा मात्र आपल्याला लगेच समजेल. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून कार्ल अलेक्झांडर आणि डॉरिस एन्टविसल यांनी पहिलीतल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतली मुलं शाळा चालू असताना जवळपास सारख्याच वेगानं पुढं जात होती. अंतर वाढत होतं ते सुट्टीत. त्यांनी याला नळाची उपमा दिली. शाळा चालू म्हणजे नळ चालू, पाणी सगळ्यांना. नळ बंद झाला की ज्याच्या घरी टाकी आहे त्याचं भागतं, बाकीचे कोरडे. आपल्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येणारी शहरं आहेत आणि लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टाकी असलेलं घर आणि नसलेलं घर यांतला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पुढं २०१९ मध्ये पॉल फॉन हिप्पेल या अभ्यासकानं यावर बोट ठेवलं. त्या काळी सुट्टीआधीची आणि सुट्टीनंतरची परीक्षा वेगवेगळ्या इयत्तेच्या कागदांवर व्हायची. एका काट्यावर तूर मोजून घरून निघायचं आणि मोंढ्यात दुसऱ्याच काट्यावर मोजायची, तर घट तुरीची की काट्याची हे कसं कळणार? नव्या, एकाच मापाच्या परीक्षांत सुट्टीत वाढणारं अंतर पुष्कळच कमी दिसलं. अंतर असतं, पण ते बरंचसं पहिलीत पाऊल टाकायच्या आधीच पडलेलं असतं. म्हणून 'सुट्टीनं लेकराचं वाटोळं होतं' अशा जाहिराती करून मे महिन्यात क्लासची फी घेणाऱ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

भारतातला एक मोठा अभ्यास या बाबतीत उपयोगी आहे, पण तो सुट्टीचा नाही, कोविडमधल्या शाळाबंदीचा. अझीम प्रेमजी विद्यापीठानं २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची माहिती घेतली. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता. वर्षभरापूर्वी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी गमावलं होतं, गणितातलं ८२ टक्के मुलांनी. दीड महिन्याची सुट्टी आणि इतक्या महिन्यांचा बंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा आठवड्यांत हापसा खडखडतो. वर्षभर बंद राहिला तर मात्र आतला वायसर वाळतो आणि नुसतं हापसून भागत नाही.

आणि आपल्याकडं असा लांब खंड काही लेकरांना दरवर्षी पडतो. त्याबद्दल मे महिन्यात कुणी लिहीत नाही.

दसरा-दिवाळीनंतरची सुट्टी

बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कित्येक गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलकडं परततात. घरी सांभाळायला आजी-आजोबा असले तर लेकरू मागं राहतं, नाहीतर तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतं. त्याची सुट्टी उन्हाळ्यात नसतेच. ती नोव्हेंबरात सुरू होते, कुणी जाहीर न करता. ते परत येतं तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोचलेला असतो, तोंडावर परीक्षा असते आणि लगेच शाळेला कुलूप.

अशा घरातल्या आई-बापाला माझं सांगणं वेगळं आहे. जायचंच असेल तर आधी शाळेत येऊन हंगामी वसतिगृहाची चौकशी करा; मागं राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय त्यातून होते. बरोबर न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या शाळेत बसवता येतं. पाचटात खेळत का होईना, पुस्तक सोबत असू द्या. आणि मे महिना ही अशा लेकराची सुट्टी समजू नका, ते गावात स्थिर असण्याचे हे मोजके आठवडे आहेत. इतर पोरांना आठवड्यातून तीन-चार दिवस पुरतात. याला रोज थोडं लागेल, आणि तेही मागच्या इयत्तेचं.

थोडं, पण खंड पाडून

आता बाकीच्यांसाठी. सुट्टीचा अभ्यास म्हणून आपण काय देतो? एक ते शंभर दहा वेळा लिही, रोज दोन पानं शुद्धलेखन. मीही वर्षानुवर्षं हेच दिलं. पोरं ते शाळा उघडायच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकतात, निम्मं थोरल्या बहिणीच्या अक्षरात.

एबिंगहाऊसनंच याचंही उत्तर काढून ठेवलं होतं. एक यादी पाठ करायला त्याला एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकावी लागली असती, ती तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत भागली. मध्ये थोडं विसरू देणं आणि मग पुन्हा आठवणं, यातच मुरणं आहे. लोणच्याला रोज चमचा लावावा लागतो, एकाच दिवशी शंभर वेळा ढवळून ते मुरत नाही.

दुसरी गोष्ट आठवण्याची. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तो पुन्हा-पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवणारे. म्हणून पाढ्यांचा तक्ता भिंतीवर लावून रोज बघायला लावण्यापेक्षा जेवताना एकच प्रश्न टाका, "सात साते?" अडला तर दहा सेकंद गप्प बसा. हे गप्प बसणं पालकांना फार जड जातं, मला माहीत आहे.

वेळ सकाळची. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो, दुपारी पत्र्याखाली मोठ्या माणसाचं डोकं चालत नाही तिथं लेकराचं काय चालणार. अंगणात सावली असेतोवर पंधरा-वीस मिनिटं. बाकी वेळ त्याला चिंचा पाडू द्या, विटी-दांडू खेळू द्या, मामाच्या गावाला लोळू द्या. मोबाइलवरच्या अभ्यासाच्या ॲपबद्दल विचाराल तर, शेजारी मोठं माणूस बसलं असेल तर ठीक.

खरं काम आहे ते दोन घरांमधलं दार उघडण्याचं. त्यासाठी वेगळं साहित्य लागत नाही, घरचा हिशेब एकदा कागदावर उतरवायला लावायचा एवढंच. दारात ५,००० लिटरचा टँकर आला. आपला ड्रम २०० लिटरचा. किती ड्रम भरतील? आधी अंदाज, मग तोंडी, मग वहीत भागाकार मांडून. तिन्ही उत्तरं जुळतात का ते त्यालाच बघू द्या. हळदीची किंवा तुरीची आडतीवरची जुनी पट्टी घरात पडलेली असते: वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. पाचवी-सहावीच्या पोराला ती वाचायला द्या आणि म्हणा, आडत्याची चूक काढून दाखव. गणिताच्या पुस्तकासमोर न बसणारी पोरं यावर तासभर बसलेली मी पाहिली आहेत.

लग्नाला एसटीनं जाताय? समजा पूर्ण तिकीट १२० रुपये आहे. बापाचं पूर्ण. बायांना २०२३ पासून निम्मं, म्हणून आईचं ६०. आठ वर्षांच्या पोराचं अर्धं, ६०. आजोबा अठ्ठ्याहत्तरचे, पंच्याहत्तरीपुढं फुकट. कंडक्टरनं मशीनमधून तिकीट काढायच्या आत पोरानं एकूण सांगायचं. २४० आलं तर खिडकीची जागा त्याची.

आणि आजोबा घरात असतील तर त्यांना सोडू नका. ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी पाठ केली त्यांतले आता थोडेच उरलेत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, शंभर पैशांचा रुपया झाला आणि आणे गेले तशी या पाढ्यांची गरजही सरली. पण अपूर्णांक पाचवीत शिकवताना मला दरवर्षी त्यांची आठवण येते. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असे सरळ शब्द आहेत, आणि चौथीतलं पोर 'अडीच किलो ज्वारी दळून आण' म्हटलं तर बरोबर दळून आणतं. तेच वहीत दोन पूर्णांक एक छेद दोन दिसलं की गांगरतं. आजोबांनी म्हणायचं, "पावणेतीन." पोरानं ते आकड्यात लिहायचं. मग उलट. कुरडयांसाठी गहू भिजत घालताना, सांडग्यांची डाळ मोजताना आजीनंही हेच करावं. पायली आणि शेर काढले तर अजून मजा.

वाचनाला तर याहून सोपं. जे मोठ्यानं वाचलं जातं आणि कुणीतरी ऐकतं, ते टिकतं. ऐकणाऱ्याला वाचता आलं पाहिजे असं नाही. डोळ्यांनी कमी दिसणारी आजी यासाठी सगळ्यात उत्तम, कारण तिला खरंच गोष्ट पुढं काय होते ते हवं असतं. गोष्टी मिळत नाहीत ही सबब आता चालत नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावून ठेवल्या आहेत. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, खताच्या पोत्यावरचा मजकूर, सगळं वाचनच. लग्नपत्रिकेत तर जोडाक्षरांचा पूर असतो.

पोर नेमकं कुठं आहे हे कळायला परीक्षा नको. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' पाहणीसाठी २००५ पासून स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासतात, ती पद्धत वापरा: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथं अडलं ती पायरी. गणितात एक अंकी आकडे, दोन अंकी आकडे, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. पाच मिनिटं. मेच्या सुरुवातीला एकदा, जूनमध्ये एकदा, आणि दोन्ही वेळी तोच कागद वापरा, काटा बदलू नका.

त्या मुलीचं काय झालं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि टेबलावर दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपयांचं एक नाणं ठेवलं. म्हटलं, "हे बावन्न. मला सत्तावीस दे." तिनं दहाच्या दोन नोटा बाजूला काढल्या आणि थांबली. नाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सर, सात कुठून देऊ? एक नोट मोडावी लागती की."

मी खिशातून सुटे दहा रुपये दिले. तिनं नोट मला दिली, सात मोजून बाजूला सरकवले आणि उरलेले पंचवीस परत एकदा मोजले. मग न विचारता खडू उचलला, ५२ वजा २७ पुन्हा मांडलं, पाचावर काट मारली आणि त्याच्या डोक्यावर बारीक चार लिहिला.